ललितरंगच्या कणपायऱ्या

सकाळी साडेसातच्या सुमारास ललितरंग नाट्यगृहाच्या नऊ पायऱ्यांनी एका चहाच्या गाड्याला वाट करून दिली.

केरबा सुतार त्या समयी वरच्या ओट्यावर उभा राहून दाराच्या काचा पुशीत होता. चहावाला बाळकू आपला गाडा ढकलीत आला आणि गाड्याचे पुढचे चाक पहिल्या पायरीस टेकले मात्र, त्या दगडी रंगाच्या पायऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या. सुपात जोंधळा पाखडावा तसा आतून सळसळाट झाला. पायऱ्या बसल्या, पसरल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि पाच-सहा श्वासांच्या अवधीत तेथे पायऱ्यांच्या रुंदीवरून दोन वळणे घेत वर जाणारी एक सौम्य चढण तयार झाली. बाळकू गाड्यासह ओट्यावर पोहोचला. पाठीमागे चढणीच्या पुन्हा पायऱ्या झाल्या आणि कडक होऊन बसल्या, जणू काही घडलेच नव्हते.

"आयला केरबातात्या," बाळकू घाम पुशीत म्हणाला, "ह्या पायऱ्या माझ्या सुनेपेक्षा जास्ती मान देतात की मला."

"त्यांला बोलता येत न्हाई म्हणून तसं वाटतंय," केरबा म्हणाला. "एक कप दे, आणि गाडा खाली ने. आज साहेब लोक यायचेत."

पानवडे हे कृष्णाकाठचे तालुक्याचे गाव असून तेथील माणसांस नाटकाचे वेड पूर्वापार आहे. ललितरंग नाट्यगृह नगरपरिषदेच्या मालकीचे. त्याच्या रंगमंचाची, पडद्यांची, नेपथ्याची आणि एकूणच प्रत्येक खिळ्याची जबाबदारी अडतीस वर्षे केरबाकडे होती. त्याचे शिक्षण सातवीपर्यंतच झाले होते. तथापि जे जे नवे दिसेल ते समजावून घेतल्यावाचून त्यास अन्न गोड लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी शासनाने 'सर्वप्रवेश निधी' स्थापन केला. ज्या कलागृहांचा खर्च जनतेच्या पैशातून चालतो, त्यांत जनतेपैकी प्रत्येकास जाता आले पाहिजे, मग तो चालत येवो, चाकांवर येवो, काठीने चाचपडत येवो, असा त्यामागचा उदात्त हेतू होता. ललितरंगला त्या निधीतून कणपायऱ्या मिळाल्या, आणि त्या बसविण्यास तहसीन मुल्ला नावाची तरुण अभियंता मिरजेहून पानवड्यास राहावयास आली.

पहिल्याच दिवशी केरबाने तिला विचारले होते, "पोरी, दगड वितळतो कसा आणि पुन्हा दगड होतो कसा, तेवढं सांग. न्हाईतर मला झोप यायची न्हाई."

तहसीनने उत्तर न देता किराणा दुकानातून हवा काढून बंद केलेली रव्याची पिशवी आणली. ती विटेसारखी कडक होती. तिने ती फरशीवर आपटून दाखविली, नंतर कात्रीने तिचा कोपरा किंचित कापला. फुस्स आवाज झाला आणि तीच पिशवी उशीसारखी मऊ पडली.

"रवा तोच आहे, मामा," ती म्हणाली. "फक्त आत हवा गेली. हवा ओढून घेतली की कण एकमेकांना गच्च धरतात. हवा सोडली की हात सोडतात आणि वाहतात. आपली पायरी म्हणजे अशीच मोठी पिशवी. रव्याऐवजी करवंटीची भरड, कात्रीऐवजी पंप. खाली स्पर्शसंवेदकांची जाळी आहे. चाक आलं, कुबडी आली, कुणाचं पाऊल अडखळलं, की तिला कळतं."

"म्हणजे पायरीला पाय वाचता येतात," केरबा म्हणाला, आणि त्या रात्री त्यास उत्तम झोप लागली.

परंतु निधीच्या नियमावलीत एक वाक्य होते आणि ते एका व्यक्तीच्या जिव्हारी लागले होते. निधी 'रस्त्यापासून आसनापर्यंत' खर्च करावयाचा होता. रंगमंच त्यात बसत नव्हता.

ती व्यक्ती म्हणजे अनसूयाबाई देवरुखे. अकरा वर्षांपूर्वी 'संगीत जलवंती' ह्या नाटकात राणी जलवंतीची भूमिका करणाऱ्या अनसूयाबाईंच्या गळ्यावर चार जिल्हे लुब्ध होते. एका दौऱ्यात घाटामध्ये मंडळींची गाडी उलटली. बाकीचे खरचटण्यावर बचावले. बाईंची मात्र कमरेखालची शक्ती गेली. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीवर बसून घरीच मुलींना गाणे शिकवीत. कणपायऱ्या मंजूर झाल्याची बातमी गावात पसरली त्या संध्याकाळी त्यांनी केरबास बोलावून घेतले होते.

"तात्या, मी आता प्रेक्षक म्हणून येऊ शकते म्हणतात."

"होय बाई. पहिल्या रांगेत बसा."

"अकरा वर्षं मी काय पहिल्या रांगेसाठी रियाज करते आहे का?" बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर चढला नव्हता, म्हणूनच केरबास खाली पाहावे लागले.

तहसीनने निधीच्या कार्यालयास पत्र लिहिले. उत्तर आले की, रंगमंच ही सार्वजनिक जागेच्या व्याख्येत येत नाही. तेव्हा केरबा, तहसीन आणि गावकरी ह्यांनी मिळून आपल्या हिमतीवर काम आरंभिले. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूस, लांबट अंगणात, नेपथ्य चढविण्याचे दार आहे. त्याचा उंबरठा मालमोटारीच्या फळीइतका, चांगला चार फूट उंच. तेथे कणांची चढण करावयाची ठरली, म्हणजे मोटार आली की ती चढण आवरून बाजूस सारता येईल. कणांसाठी गावातल्या साऱ्या देवळांतून फुटलेल्या नारळांच्या करवंट्या गोळा झाल्या. पिशव्या केरबाने ताडपत्रीच्या शिवल्या आणि वर नाट्यगृहाच्या जुन्या मखमली पडद्याचे अस्तर चढविले. हवा ओढावयास त्याने आपल्या रंध्याच्या यंत्राचा भुसा ओढणारा पंप जोडला. त्यास संवेदक नव्हते, एक साधे बटण होते. ह्याशिवाय रंगमंचावर, राजवाड्याच्या सज्ज्यापासून खालपर्यंत, त्याने सागवानी फळ्यांचा एक देखणा उतार बांधला. राणी जलवंती त्या उतारावरून गात गात खाली येणार होती.

आजचा प्रयोग दुपारी चार वाजता. आजच निधीचे निरीक्षक येणार होते. त्यांनी कणपायऱ्यांस मान्यता दिली तर नाट्यगृह खुले राहणार. न दिली तर पुढील वर्षीच्या फेरतपासणीपर्यंत दारास कुलूप, आणि बाईंची जलवंती पुन्हा घरच्या चार भिंतींत.

बारा वाजता अनसूयाबाई मागच्या अंगणात आल्या. केरबाने बटण दाबले, मखमली चढण कडक झाली, आणि बाई स्वतःच्या हातांनी चाके फिरवीत वर आल्या. उंबरठ्यापाशी मात्र केरबा आडवा उभा राहिला.

"काय झालं, तात्या?"

केरबाची नजर खाली चाकांवर खिळली होती. अडतीस वर्षांत त्याने एकाही पादत्राणास रंगमंचाचा स्पर्श होऊ दिला नव्हता. एका मंत्रिमहोदयांस त्याने सत्काराच्या ऐन वेळी बूट काढावयास लाविले होते, आणि त्यांनी ते मुकाट्याने काढले होते. गेले तीन महिने तो ही चढण बांधीत होता. परंतु रस्त्यावरून, चिखलातून, शेणावरून आलेली ही चाके फळ्यांवर घ्यावयाची की नाही, ह्याचा विचार त्याने जाणूनबुजून टाळला होता.

बाईंनी त्याच्या नजरेचा रोख ओळखला. "चाकं बघताय होय?" त्या हसल्या. "मग ठरवा की. हे माझे पाय आहेत, का माझ्या चपला?"

"चपला काढता येतात, बाई," केरबा म्हणाला. तो आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. बाहेरून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालावे तसे त्याने चारही चाकांवर पाणी घातले, आपल्या खांद्यावरच्या पंच्याने ती कोरडी केली आणि बाजूस झाला.

अनसूयाबाई रंगमंचाच्या मध्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. त्यांनी एकदा खाकरून 'सा' लावला. तो स्वर सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. "आहे," त्या इतकेच म्हणाल्या. तहसीन विंगेत तोंड फिरवून उभी राहिली.

दोन वाजता नाट्यगृहापुढे सहाशे माणसे जमली. त्यांत पस्तीस चाकाच्या खुर्च्या होत्या, अंधशाळेच्या वीस मुली होत्या, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या तर अगणित होत्या. नगराध्यक्ष संपतराव गुंडे फेटा बांधून आले होते. निधीचे निरीक्षक निमकर हे सडपातळ, अबोल गृहस्थ हातात विजेची पाटी घेऊन एका कडेस उभे होते.

पायऱ्यांशेजारी केरबाने स्वहस्ते रंगविलेला फलक होता: खिळे, टाचण्या, टोकदार टाचांची पादत्राणे, छत्रीचे टोक व लोखंडी टोकाची काठी यांस सक्त मनाई. पिशवीचे कातडे पायांखाली वर्षानुवर्षे टिकेल, परंतु धारदार वस्तूपुढे टिकणार नाही, असे तहसीनने त्यास बजावले होते. तो फलक वाचून तिने त्याची पाठ थोपटली होती.

आणि ह्याच केरबाने, भाषणे संपताच, पितळी ताटातून नारळ पुढे केला.

त्याच्या बाजूने एवढेच सांगता येईल की, नाट्यगृहात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूवर त्याने आजवर नारळ फोडविला होता. नवा पडदा, नवे दिवे, नवा ध्वनिक्षेपक, अगदी नवा झाडूसुद्धा त्यातून सुटला नव्हता. नारळ ही त्याच्या लेखी वस्तूच नव्हती. तो आशीर्वाद होता. त्यामुळे फलकावर त्याचे नाव लिहिण्याचे त्यास सुचलेच नाही. संपतरावांनी तिसऱ्या पायरीवर उभे राहून चौथ्या पायरीवर नारळ सर्व शक्तीनिशी आपटला.

नारळ उत्तम फुटला. त्याची एक कड कातड्यात घुसली आणि ते फाटले. पाणी आत गेले, हवाही आत गेली, आणि लांबलचक सुस्कारा टाकीत नऊच्या नऊ पायऱ्यांनी अंग टाकले. संपतराव गुडघ्यांपर्यंत बुडाले.

"अरे धरा, धरा! मी चाललो!"

"कुठं चालला साहेब? निवडणूक लांब हाय अजून!" गर्दीतून कोणी ओरडले, आणि सारा चौक हसत सुटला.

केरबा मात्र हसला नाही. त्याने हातातले ताट खाली ठेवले. तहसीन धावत आली, तिने भोक पाहिले, ओल्या कणांत हात घातला.

"ठिगळ लागेल, मामा. पण कण वाळवायला आणि ठिगळ धरायला सहा तास."

"मी गं पोरी," केरबा म्हणाला, "मी माझ्या हातानं दिला."

"मला माहीत आहे. मी इथंच उभी होते आणि मलाही नाही सुचलं. मी टाळ्या वाजवत होते."

संपतरावांना दोघा माणसांनी उपसून काढले. फेटा सावरीत त्यांनी मार्ग सुचविला. "त्यात काय मोठंसं! विटा टाका, फळ्या टाका. चालणारी माणसं इथून चढतील. खुर्चीवाले मागच्या दारानं घ्या. तिथं केलंय ना काहीतरी?"

निमकरांनी पाटीवर बोट फिरविले. "तसं चालणार नाही. नियम सात. सर्व प्रेक्षकांचा प्रवेश एकाच दाराने. काहींना पुढचं, काहींना मागचं, असं झालं तर नापास. ते होऊ नये म्हणूनच हा निधी आहे."

"मग आजचा खेळ?"

"जाहीर वेळेला सगळे आसनावर नसतील तर मला तसं लिहावं लागेल." निमकरांच्या आवाजात आनंद नव्हता, हे सांगितले पाहिजे. "वाईट वाटतं मला. पण लिहावं लागेल."

बातमी अंगणात पोहोचली तेव्हा अनसूयाबाईंच्या चेहऱ्यावर अर्धी रंगभूषा झाली होती. एक भुवई राणीची होती, एक घरची. केरबा त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. त्यास रागावून घ्यावयाचे होते, आणि बाई रागावत नव्हत्या, हेच त्यास सहन होईना.

"करवंट्यांची भरड करून पिशवीत भरली," बाई म्हणाल्या, "आणि नारळानंच येऊन पिशवी फोडली. आपल्या भावंडांना सोडवायला आला असेल." त्या हसल्या, परंतु त्यांचे हात चाकांवर घट्ट आवळलेले होते. "अकरा वर्षं थांबले. अजून एक थांबेन. तुम्ही जेवलात का?"

ह्या 'तुम्ही जेवलात का'ने केरबाच्या मनात काय घडविले ते शब्दांत मांडणे कठीण आहे. तो वळला आणि पुन्हा चौकात गेला.

"साहेब," तो निमकरांना म्हणाला, "सगळे एकाच दारानं गेले पायजेत ना? मग सगळे मागनं जातील."

"सगळे?"

"सहाशेच्या सहाशे. तुमी, आमी, नगराध्यक्ष. मागच्या दारातनं, रंगमंचावरनं, पुढं उतरून खुर्चीत."

निमकर गोंधळले. "पण रंगमंच ही आमच्या व्याख्येत सार्वजनिक जागा नाही."

"व्याख्येत नाही," तहसीन पुढे होऊन म्हणाली, "पण तिथून जायला मनाई आहे का? कुठं लिहिलंय?"

निरीक्षकांनी पाटी वर सरकविली, खाली सरकविली, पुन्हा वर सरकविली. "मनाई," ते हळूच म्हणाले, "नाही."

एक अडचण उरली होती. रंगमंचावरून सभागृहात उतरावयास कडेच्या चार लाकडी पायऱ्यांखेरीज काही नव्हते. केरबा विंगेत उभा राहून त्या पायऱ्यांकडे पाहात होता. त्यानंतर त्याची दृष्टी राजवाड्याच्या सज्ज्याकडे, त्या सागवानी उताराकडे वळली आणि तत्काळ तेथून निघाली. अनसूयाबाईंनी ती दृष्टी पाहिली.

"काढा तो," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमची एन्ट्री हाय त्यावरनं."

"मी खालीच बसून गाते. गाणं काय उतारावरून घरंगळत येतं? काढा म्हणते ना. अडीच वाजले."

केरबाने स्वतःच्या हाताने ठोकलेले खिळे स्वतःच्या हाताने उपसले. राजवाड्याचा उतार फिरवून रंगमंचाच्या कडेपासून पहिल्या रांगेपर्यंत लावला. तो जरा खडा होता, म्हणून नाटकातला प्रधान आणि सेनापती दोन्ही बाजूंस उभे राहिले. केरबाने मागच्या दारात पाण्याचे पिंप मांडले आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता एवढ्या मोठ्याने ओरडला, "चपला हातात! कुणीबी असो, चपला हातात!"

आणि मग पानवडे गाव आपल्या नाट्यगृहात मागून शिरले.

पुढे चाके होती. प्रत्येक खुर्ची उंबरठ्यापाशी थांबे, केरबा तिच्या चाकांवर पाणी घाली, तहसीन पुसे, आणि खुर्ची फळ्यांवर जाई. एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "गार वाटलं रे बाबा," आणि सर्वजण हसले, कारण पाणी चाकांवर पडले होते. संपतरावांच्या पायांस अद्याप करवंटीची भरड चिकटली होती. त्यांच्यावर केरबाने दोन तांबे जास्त ओतले. निमकरांनी बुटांच्या नाड्या सोडल्या तेव्हा त्यांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला सर्वांस दिसला. "शासनाकडून मोज्यांचा निधी न्हाई वाटतं?" कोणा म्हातारीने विचारले. निरीक्षक त्या दिवशी प्रथमच हसले.

विंगेत राजा हातात भजी घेऊन उभा सापडला. त्याच्या अंगावर वर जरीचा अंगरखा आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. "महाराज, सोवळं नेसा!" अशी एक हाक आली आणि महाराज पडद्याआड पळाले. पन्नास वर्षे नाटके पाहिलेल्या एक आजीबाई रंगमंचाच्या मध्यभागी येऊन थबकल्या. त्यांनी समोरच्या खुर्च्यांकडे पाहिले. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "इथून आम्ही एवढे दिसतो? मग मी पेंगते तेसुद्धा दिसत असेल!"

अंधशाळेच्या मुली एकमेकींचे खांदे धरून आल्या. पहिल्या मुलीचा हात राजवाड्याच्या खांबास लागला. तिने तो दाबला, वाजविला, नख लावून पाहिला.

"बाई! हा खांब कापडाचा आहे!" ती शिक्षिकेस मोठ्याने म्हणाली. "आणि आत बांबू आहे!"

"मग काय दगडाचा असणार?" केरबा दारातून म्हणाला.

"मला वाटायचं नाटकात खराखुरा राजवाडा असतो. नट एवढा खराखुरा बोलतात म्हणून." तिने खांबावर पुन्हा टिचकी मारली. "हे जास्त मजेशीर आहे. कापडाचा असूनसुद्धा सगळे घाबरतात राजाला."

मागच्या सर्व मुलींस खांब पाहावयाचा होता. रांग अडली. कोणीही घाई केली नाही. केरबाने घड्याळाकडे पाहिले आणि त्याच्या लक्षात आले की, आपल्या रंगमंचावर दोनशे अनवाणी माणसे उभी आहेत, ती फळ्यांना पायांनी चाचपत आहेत, खाली वाकून पडद्याची दोरी पाहात आहेत, आणि त्यास ह्याचे वाईट वाटत नाही. अडतीस वर्षे तो ही जागा राखीत होता. कोणापासून राखीत होता, हा प्रश्न त्यास पूर्वी कधी पडला नव्हता.

चार वाजण्यास दोन मिनिटे असताना शेवटचा प्रेक्षक उतारावरून खाली गेला. पडदा पडला. केरबाने तिसरी घंटा दिली.

नांदी झाली आणि पडदा वर गेला तेव्हा राजवाड्याचा सज्जा ओका होता. राणी जलवंती खाली, अगदी रंगमंचाच्या ओठाशी, एकटीच बसली होती. ऑर्गनने स्वर दिला. बाई गप्प राहिल्या. ऑर्गनने पुन्हा स्वर दिला. विंगेत केरबाने पडद्याची दोरी इतकी आवळली की हातास वळ उठले. बाई प्रेक्षकांकडे पाहात होत्या आणि प्रेक्षक त्यांच्याकडे. मात्र आज हे पाहणे नेहमीसारखे नव्हते. ज्या फळीवर बाईंची चाके होती, त्या फळीचा स्पर्श अजून प्रत्येकाच्या तळपायाला होता. ती जागा कशी लागते, तेथून समोरचा अंधार केवढा दिसतो, हे सहाशे माणसांस ठाऊक होते. त्यांनी श्वास रोखला तो बाईंसाठी नव्हे, तर आपणच तेथे बसलो आहोत म्हणून.

"गा की गं, अनसूये," पेंगणाऱ्या आजीबाई अगदी स्वयंपाकघरातून सांगावे तशा म्हणाल्या.

बाई हसल्या, आणि त्या हसण्यातूनच स्वर निघाला. नदीला वाट विचारणारे जलवंतीचे ते पद. आवाज पूर्वीपेक्षा जड झाला होता. पूर्वी तो फुलपाखरासारखा भिरभिरे. आता तो पाण्यासारखा, खोलगट जागा भरीत भरीत पुढे येत होता. ज्यांना ऐकू येत नसे त्यांच्या पुढ्यातील अक्षरपट्टीवर पदाचे शब्द सरकत होते. तरी त्यांतले अनेकजण अक्षरे सोडून बाईंच्या मानेच्या शिरेकडे पाहात होते. पद संपले. नंतर एवढा कल्लोळ उठला की तहसीनला वाटले आता मागचीही पिशवी फुटली. वन्स मोअर आला, दुसरा आला, तिसऱ्यास सेनापतीनेच हात जोडले, कारण त्यास पुढे युद्धावर जावयाचे होते.

प्रयोग संपला तेव्हा ऊन कलले होते. पुढच्या पायऱ्या अजून ओल्या होत्या, म्हणून माणसे आली तशीच मागून बाहेर पडू लागली. तथापि अंगणात उतरल्यावर कोणी घरी जाईना. राजा पूर्ण पोशाखात उभा राहून भज्यांचा हिशेब देत होता. मखमली चढणीच्या मध्यावर अनसूयाबाई थांबल्या होत्या, आणि त्यांच्या भोवती मुलींनी, म्हाताऱ्यांनी, खुर्च्यांनी असा गराडा घातला होता की केरबास त्यांची फक्त एक भुवई दिसत होती, राणीची.

निमकर एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात पाटी घेऊन केरबाजवळ आले. "वेळेत झालं," ते म्हणाले. "तेवढं मी लिहिलंय. आणि 'आसनापर्यंत' ह्या शब्दाविषयी वेगळं पत्र लिहिणार आहे वर. पण एका रकान्यात अडलोय."

"कंच्या?"

निमकरांनी पाटी पुढे केली. तीवर नाट्यगृहाचा नकाशा होता, चारही बाजूंस दारांच्या खुणा होत्या, आणि एक कोरा रकाना लुकलुकत होता.

"इथं मुख्य प्रवेशद्वार लिहायचं असतं. गेल्या वर्षीच्या कागदात पुढचं आहे. आज मी बघितलं ते निराळं आहे." त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि त्या गर्दीकडे पाहिले, जी आपल्याच नाट्यगृहाची पाठ प्रथमच पाहात होती व तेथून हलावयास तयार नव्हती. "तुम्ही इथले जुने. तात्या, तुम्हीच सांगा. आता ह्या नाट्यगृहाचं पुढचं दार कोणतं म्हणून लिहू?"